पानाची डावी बाजू

सणाचे जेवण म्हटले म्हणजे आपल्या मनात प्रथम येतात ती पक्वान्ने. होळीला पुरणपोळी, गणेशचतुर्थीला मोदक, दसऱ्याला श्रीखंड, संक्रांतीला गुळाची पोळी. एकेका सणाने जणू एकेक पक्वान्न आपल्या नावावर करून घेतले आहे. पाहुण्यांना आमंत्रण करताना ‘उद्या आमच्याकडे पुरणपोळी आहे, अवश्य या’ असे आपण म्हणतो. ‘उद्या आमच्याकडे कोशिंबीर आहे, अवश्य या’ असे म्हणून कोणी कोणाला बोलावल्याचे ऐकिवात नाही. आणि तरीही कोशिंबिरीवाचून सणाचे पान पुरे झाले, असे कोणतीही जाणती गृहिणी म्हणणार नाही. जिच्यासाठी कोणी येत नाही, परंतु जिच्यावाचून आलेल्याचे जेवण अपुरे राहते, अशा या पदार्थाची ओळख आपण करून घेऊ.

पान वाढण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. पानाच्या वरच्या कडेला मध्यभागी मीठ वाढतात. त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे हे पदार्थ येतात. उजव्या अंगाला भाज्या व आमटी यांची जागा असते. समोर भाताची मूद आणि तिच्यावर वरण व तूप. ही मांडणी केवळ शोभेसाठी नाही. आपण उजव्या हाताने जेवतो. जे पुन्हा पुन्हा आणि पोटभर खावयाचे ते हाताजवळ, व जे मधूनमधून थोडे थोडे घ्यावयाचे ते पलीकडे, असा तिच्यामागे विचार आहे. डाव्या बाजूच्या पदार्थांना ‘तोंडी लावणे’ असे म्हणतात. पोट भरणे हे त्यांचे काम नव्हे. जिभेला जागे ठेवणे हे त्यांचे काम होय. गोड पदार्थाचे चार घास खाल्ले की जीभ जड होते आणि पाचवा घास पहिल्याइतका गोड लागत नाही. अशा वेळी आंबट, खारट, किंचित तिखट आणि दाताखाली कुरकुरणारी कोशिंबीर तोंडात गेली की पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागतो. एकाला कमी व दुसऱ्याला अधिक लेखणे याला आपण ‘डावे-उजवे करणे’ म्हणतो. पानात मात्र डावे म्हणजे हलके नव्हे. पक्वान्नाची गोडी जी टिकते ती डाव्या बाजूच्या भरवशावर, हे ध्यानात घ्यावे.

कोशिंबीर एका प्रकारची नाही. ती ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात वेलींना काकड्या लागतात. म्हणून श्रावणात व गणेशोत्सवात काकडीची कोशिंबीर विशेष. थंडी पडू लागली की मुळा व गाजर येतात. मुळ्याच्या कोशिंबिरीत भिजवलेली मुगाची डाळ घालतात, गाजराच्या कोशिंबिरीवर मोहरीची फोडणी देतात. पिकलेल्या पेरूची, डाळिंबाच्या दाण्यांची, कोबीची, टोमॅटोची अशा कोशिंबिरी घरोघर होतात. चैत्रात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवून वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीत कैरी किसून घालतात, तीही हिचीच बहीण होय. चाकणचा बाजार कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या भागात रोजच्या जेवणात दह्यातील कांद्याची कोशिंबीर सर्रास असते, परंतु नैवेद्याच्या पानात कांदा वाढीत नाहीत. आपल्या शेजारच्या कानडी मुलखात कोसंबरी नावाचा पदार्थ करतात. रामनवमीला तेथे भिजवलेली मुगाची डाळ, काकडी व खोबरे यांची कोसंबरी प्रसाद म्हणून वाटतात. दोन्ही नावांतील व दोन्ही पदार्थांतील साम्य सहज ध्यानात येते. पश्चिमेकडील देशांतही कच्च्या भाज्यांचा असा पदार्थ करतात. त्याला ते ‘सॅलड’ म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतील मीठ या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. कच्ची भाजी आणि मीठ यांचे नाते किती जुने व किती दूरवर पसरलेले आहे, हे या एका शब्दावरूनही समजते.

आता आपण पुणे जिल्ह्यातील एका गावी जाऊ. इंद्रायणी नदीच्या काठी, आळंदीपासून थोड्याच अंतरावर, चऱ्होली नावाची दोन गावे आहेत. नदीच्या एका तीरावर चऱ्होली बुद्रुक व दुसऱ्या तीरावर चऱ्होली खुर्द. बुद्रुक म्हणजे मोठे आणि खुर्द म्हणजे लहान, हे तुम्हाला ठाऊक असेलच. चऱ्होली बुद्रुक येथे वाघेश्वराचे मंदिर आहे. श्रीज्ञानेश्वरांनी इ. स. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे समाधी घेतली. त्या निमित्ताने दर वर्षी कार्तिक वद्य पक्षात आळंदीला मोठी यात्रा भरते. एकादशीचा उपवास करून वारकरी द्वादशीला पारणे करतात. याला ‘बारस सोडणे’ असे म्हणतात. अशा वेळी आळंदीच्या आसपासच्या गावांत कोणाच्या घरी सोयरे, कोणाच्या घरी ओळखीची दिंडी, अशी पंगतीला माणसे असतात. आदल्या दिवशी केवळ फराळ झालेला असतो. पोट हलके व जीभ कोरडी झालेली असते. अशा माणसाच्या पानात पुरण पडण्याच्या आधी कोशिंबिरीचा एक घास पडावा, यासारखे सुख नाही.

अशा पंगतीसाठी काकडीची कोशिंबीर कशी करावी, ते पाहू. ‘खमंग काकडी’ हे तिचे घरगुती नाव. दहा माणसांसाठी मध्यम आकाराच्या चार कोवळ्या काकड्या, अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, पाव वाटी खोवलेले ओले खोबरे, दोन हिरव्या मिरच्या, एक रसदार लिंबू, एक लहान चमचा साखर, चवीपुरते मीठ आणि मूठभर कोथिंबीर, एवढे साहित्य पुरे. फोडणीसाठी दोन चमचे साजूक तूप, अर्धा चमचा जिरे व चिमूटभर हिंग घ्यावा. वाटी व चमचा ही मापे घरोघर असतात. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ या पुस्तकात हीच मापे वापरली. त्यामुळे नवशिक्यांनाही स्वयंपाक सोपा झाला.

काकडी निवडताना ती हातात घेऊन पाहावी. जी घट्ट लागते, जिची साल तुकतुकीत असते, ती ताजी. जी बोटाखाली दबते ती शिळी. तिची कोशिंबीर कितीही खटपट केली तरी कुरकुरीत होणार नाही. काकडी स्वच्छ पाण्याने चोळून धुवावी. मग देठाकडील टोक कापून एक चकती चाखून पाहावी. काकडीत कधी कधी कडवटपणा असतो, आणि तो बहुधा देठाजवळ व सालीखाली अधिक असतो. चकती कडू लागली तर आणखी थोडा भाग कापून पुन्हा चाखावे. तरीही कडू लागल्यास ती काकडी बाजूला ठेवावी. एका कडू काकडीने सारे पातेले बिघडते. पंगतीत वाढल्यावर हळहळण्यापेक्षा आधी चाखून पाहिलेले बरे.

मग काकडी सोलून ‘चोचवावी’. चोचवणे म्हणजे काकडी हातात धरून तिच्यावर सुरीने उभे, जवळजवळ घाव घालणे व नंतर विळीवर वा सुरीने तिचे पातळ काप काढणे. असे केले म्हणजे काकडीचे अगदी बारीक, पण सुटे तुकडे पडतात. काही जण वेळ वाचावा म्हणून काकडी किसतात. किसणीने काम लवकर उरकते, हे खरे. परंतु किसलेल्या काकडीचा लगदा होतो. याचे कारण सोपे आहे. काकडीच्या शंभर भागांत सुमारे ९५ भाग पाणी असते. हे पाणी असंख्य सूक्ष्म पेशींत साठवलेले असते. पेशी पाण्याने गच्च भरलेल्या असतात म्हणून काकडी ताठ असते, आणि दाताखाली त्या एकदम फुटतात म्हणून ती कुरकुरते. किसणी पेशींना फाडते. धारदार पाते त्यांना कापते. फाटलेल्या पेशी पुष्कळ, कापलेल्या थोड्या. जितक्या पेशी शाबूत राहतील तितकी कोशिंबीर कुरकुरीत राहील. बोथट सुरीने हे काम करू नये, असे अनुभवी माणसे सांगतात ते याचसाठी.

आता मिठाची गोष्ट. कोशिंबीर करण्यात सारे कौशल्य आहे ते मीठ केव्हा घालावे हे ओळखण्यात. चिरलेल्या काकडीवर मीठ घालून ती तशीच ठेवली, तर थोड्या वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी साचते आणि काकडी मऊ पडते. हे पाणी बाहेरून आलेले नसते. पेशीच्या भोवती एक अतिशय पातळ पटल असते. या पटलातून पाणी सहज ये-जा करते. मीठ मात्र तितक्या सहज जात नाही. पेशीच्या बाहेर मीठ अधिक झाले की आतील पाणी त्या मिठाकडे ओढले जाते. या क्रियेला विज्ञानात ‘परासरण’ असे म्हणतात. साखरही हेच करते. आतले पाणी गेले की पेशी सैल पडते, आणि सैल पेशी कुरकुरत नाही. उलट, मलूल झालेले मुळ्याचे वा गाजराचे काप थंड, बिनमिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवले तर ते पुन्हा ताठ होतात. कारण त्या वेळी पाणी बाहेरून आत जाते. नियम एकच, दिशा दोन.

पानाच्या डाव्या बाजूला कोशिंबिरीच्या शेजारीच लोणचे असते. ‘लोणचे’ हा शब्द लवण म्हणजे मीठ यावरून आला आहे. लोणच्यात हाच मिठाचा नियम माणसाने मुद्दाम कामास लावला आहे. मीठ फोडींतील पाणी ओढून घेते, आणि एवढ्या खारटपणात नासवणारे सूक्ष्म जीव वाढू शकत नाहीत. म्हणून लोणचे वर्षभर टिकते. लोणच्यात मिठाला महिनोन्‌महिने द्यावयाचे असतात, कोशिंबिरीत केवळ काही क्षण. एक पदार्थ धीराचा, दुसरा तत्परतेचा. दोघांना शेजारी शेजारी बसवणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या रसिकतेचे कौतुक वाटते.

म्हणून कोशिंबिरीच्या कामाचा क्रम ठरवून घ्यावा. दाणे भाजून कूट करणे, खोबरे खोवणे, मिरच्या व कोथिंबीर चिरणे, लिंबाचा रस काढणे ही कामे सकाळीच उरकावीत. काकडी जेवणाच्या अर्धा तास आधी चोचवून झाकून थंड जागी ठेवावी. तिला आपोआप थोडे पाणी सुटते. ते हलक्या हाताने काढून घ्यावे, पण टाकू नये. कणीक मळताना ते उपयोगी पडते. पाने मांडली गेली, पाण्याची भांडी ठेवली गेली, म्हणजे काकडीत खोबरे, मिरची व कोथिंबीर मिसळावी. तुपाची जिऱ्या-हिंगाची फोडणी करून किंचित निवू द्यावी व वरून घालावी. सर्वांत शेवटी मीठ, साखर, लिंबाचा रस व दाण्याचे कूट घालून हलक्या हाताने एकत्र करावे आणि लगेच वाढावे. कूट आधी घातले तर ते पाणी शोषून फुगते व त्याचा खमंगपणा जातो. कोशिंबीर दह्यातील असली तरी मीठ शेवटीच घालावे. नाही तर दह्यालाही पाणी सुटते. शिवाय डावी बाजू आधी वाढली जाते. नंतर भाज्या, भात, वरण, तूप वाढून होईपर्यंत कोशिंबिरीला पानावर वाट पाहावी लागते. हा वेळही हिशेबात धरावा लागतो.

या साध्या वाटणाऱ्या पदार्थात किती देशांचा वाटा आहे, हे पाहण्यासारखे आहे. काकडी ही मूळची भारतातील; येथूनच ती पुढे जगभर गेली. परंतु शेंगदाणे आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातून आली. पोर्तुगीज दर्यावर्दी भारतात आल्यानंतरच्या काळात ती आपल्याकडे रुजली. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी व आले यांचा उपयोग करीत. आज दाण्याच्या कुटावाचून आपल्या कोशिंबिरीची कल्पनाही करवत नाही, इतके हे पाहुणे घरचे झाले आहेत. चांगले ते कोठूनही घ्यावे आणि आपल्या चवीत मुरवून आपले करावे, ही शिकवण आपल्या स्वयंपाकघराने कोणताही गाजावाजा न करता दिली आहे.

एवढे सारे झाले, तरी कोशिंबिरीविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून सांगावयाची राहिली आहे. पानातील बहुतेक पदार्थांवर अग्नीचा संस्कार झालेला असतो. भात शिजतो, वरण उकळते, पोळी तव्यावर भाजली जाते, वडा तेलात तळला जातो. भाजीबरोबर शेतातून एखादा रोगजंतू आलाच असेल तर तो बहुधा या उष्णतेने मरतो. कोशिंबिरीच्या वाट्याला मात्र हा संस्कार येत नाही. ती कच्ची असते, म्हणूनच ती ताजी लागते. उष्णतेने नाश पावणारे क जीवनसत्त्व तिच्यात टिकून राहते. परंतु कच्ची असते म्हणूनच तिला अग्नीचे संरक्षणही नसते. विषमज्वर, पटकी, आमांश, एका प्रकारची कावीळ हे रोग दूषित पाण्यातून आणि दूषित पाण्याने भिजलेल्या वा धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून पसरतात. तेव्हा कोशिंबीर निर्दोष ठेवण्यास आपल्यापाशी एकच साधन उरते, आणि ते म्हणजे स्वच्छता. करणाऱ्याचे हात, विळीचे पाते, पातेले आणि पाणी ही चारही स्वच्छ असली पाहिजेत. हात साबणाने धुवावेत. भाज्या पिण्याच्या पाण्यानेच धुवाव्यात. पाण्याविषयी शंका असेल तर ते उकळून गार करून घ्यावे. कोथिंबीर व मुळ्याचा पाला यांच्या पानापानांत माती असते. म्हणून त्या भरपूर पाण्यात दोनतीनदा खळबळून, प्रत्येक वेळी पाणी बदलून घ्याव्यात. ज्या घरची कोशिंबीर निर्धास्तपणे खाता येते, ते घर स्वच्छ आहे असे खुशाल समजावे.

पण घर स्वच्छ असून भागते काय? भाजी घरात येण्यापूर्वी शेतात असते, आणि शेताला पाणी नदीचे असते. येथे आपल्याला पुन्हा इंद्रायणीच्या काठी यावे लागते. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावते. मावळातून वाहत ती देहूला येते, देहूहून आळंदीला, आळंदीहून चऱ्होलीला, आणि पुढे तुळापूर येथे भीमेला मिळते. तिच्या दक्षिण तीराकडील प्रदेश गेल्या काही दशकांत फार झपाट्याने बदलला. १९५४ साली पिंपरी येथे पेनिसिलिन तयार करणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि या भागात कारखान्यांची दाट वस्ती झाली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. १९९७ साली चऱ्होली बुद्रुक तिच्या हद्दीत आले. पुढे नदीच्या उत्तरेस चाकणकडेही कारखाने उभे राहिले. यातून हजारो हातांना काम मिळाले, घराघरांत शिक्षण आले, दारापर्यंत रस्ते आले. हे सारे चांगलेच झाले. परंतु जेथे शेते होती तेथे इमारती आल्या, माणसे वाढली, आणि माणसांबरोबर सांडपाणीही वाढले.

या सांडपाण्याचा पुरेसा भाग शुद्ध न होताच नदीत जातो. घरांतील साबणाचे व धुण्याच्या पावडरीचे पाणी, स्वच्छतागृहांतील मैला, काही कारखान्यांतील रसायने ही सर्व एकाच पात्रात मिसळतात. अलीकडच्या वर्षांत आळंदी येथे इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना वारंवार दिसले आहेत. यात्रेसाठी दुरून आलेला वारकरी त्या फेसाच्या कडेला उभा राहतो, हात जोडतो आणि ओंजळभर पाणी डोक्यावर घेतो. त्याच्या श्रद्धेला तो फेस दिसत नाही, असे नव्हे. नदीची ही दशा आपल्यापैकीच कोणीतरी केली आहे, हे त्यालाही कळते. ज्या मळ्यात अशा पाण्याचा पाट जातो, तेथील मुळा वा कोथिंबीर घरी आणून कितीही वेळा धुतली, तरी मनातील शंका पूर्णपणे धुतली जात नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात. पण त्यात मिसळलेली रसायने उकळल्याने नाहीशी होत नाहीत.

नदीचा एक धर्म आहे. ती वरच्या गावाचे खालच्या गावाला देते. देहूने सोडलेले आळंदीला मिळते, आळंदीने सोडलेले चऱ्होलीला, आणि चऱ्होलीने सोडलेले तुळापूरला. तुळापूरनंतर तेच पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते व तेथून पुढे पंढरपूरला पोहोचते. पंढरपुरात याच भीमेला चंद्रभागा म्हणतात. ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून निघते व खुष्कीच्या मार्गाने पंढरपूरला जाते. इंद्रायणीचे पाणीही आपल्या मार्गाने तेथेच जाते. पालखी आपण फुलांनी सजवून पाठवतो. मग पाणी कसे पाठवावे, याचा विचार आपण करावयास नको काय? संत सावता माळी यांनी अरण या गावी आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. भाजीत देव पाहावयाचा तर भाजीला घालावयाचे पाणीही देवाच्या अभिषेकाइतकेच निर्मळ असले पाहिजे, हे ओघानेच आले.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभारणे व ती अखंड चालू ठेवणे हे महानगरपालिकेचे व शासनाचे कर्तव्य होय. आपले दूषित पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणे हे कारखान्यांचे कर्तव्य होय. परंतु नागरिकांचेही काही कर्तव्य आहे. निर्माल्य व कचरा नदीत न टाकणे, साबण गरजेपुरताच वापरणे, ओढ्या-नाल्यांत तेल वा रंग न ओतणे, आणि जेथे नियम मोडलेला दिसेल तेथे गप्प न बसता संबंधितांच्या ध्यानात आणून देणे, एवढे तर प्रत्येकाला करता येईल. तुमच्यासारख्या मुलामुलींनाही हे करता येण्याजोगे आहे.

तसेच आणखी एक काम तुम्हाला करता येईल. येत्या सणाला घरातील कोशिंबीर तुम्ही करा. तिला चूल लागते ती केवळ दाणे भाजण्यापुरती व फोडणीपुरती, आणि ती कामे आई वा वडील करून देतील. बाकीचे सारे काम मुलगा असो वा मुलगी, कोणालाही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली शिकता येते. हात धुवा, काकडी चाखा, धारदार पात्याशी जपून वागा आणि मीठ शेवटी घाला. पंगतीत कोणी तुमच्या कोशिंबिरीचे नाव काढील, कोणी काढणारही नाही. लोक पुरणपोळीचीच वाखाणणी करतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. जगातील पुष्कळशी आवश्यक कामे पानाच्या डाव्या बाजूसारखीच असतात. ती नीट झाली तर कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. ती बिघडली म्हणजे मात्र साऱ्या पंगतीचा विरस होतो. नदी स्वच्छ राखणे हेही त्यांपैकीच एक काम आहे.

शब्दार्थ

ऐकिवात नसणे – ऐकलेले नसणे; मूद – वाटीने आकार देऊन वाढलेला भात; पारणे – उपवास सोडणे; सोयरे – नातेवाईक; चोचवणे – घाव घालून बारीक तुकडे करणे; शाबूत – न मोडलेले; मलूल – कोमेजलेले; तत्परता – वेळेवर काम करण्याची तयारी; दर्यावर्दी – समुद्रावर प्रवास करणारे; पटकी – कॉलरा; विषमज्वर – टायफॉइड; खुष्कीचा मार्ग – जमिनीवरील मार्ग; विरस – आनंदाचा भंग.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) पान वाढताना डाव्या व उजव्या बाजूंना कोणकोणते पदार्थ वाढतात? या रीतीमागील विचार कोणता?
(आ) किसलेल्या काकडीपेक्षा चोचवलेली काकडी अधिक कुरकुरीत का राहते?
(इ) लोणचे व कोशिंबीर यांत मिठाचे कार्य सारखे असूनही वेळेचा फरक का पडतो?
(ई) पेशींत पाण्याची ये-जा कशी होते, हे मिठाच्या व बिनमिठाच्या पाण्याची उदाहरणे देऊन सांगा.

२. पुढील विधानांचे तुमच्या शब्दांत स्पष्टीकरण करा :
(अ) पानात मात्र डावे म्हणजे हलके नव्हे.
(आ) एक पदार्थ धीराचा, दुसरा तत्परतेचा.
(इ) नदी वरच्या गावाचे खालच्या गावाला देते.

३. कारणे द्या :
(अ) कोशिंबिरीसाठी भाज्या पिण्याच्या पाण्यानेच धुवाव्यात.
(आ) घर स्वच्छ असले तरी तेवढ्याने भागत नाही.
(इ) दाण्याचे कूट सर्वांत शेवटी घालावे.

४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा :
डावे-उजवे करणे, तोंडी लावणे, आपल्या नावावर करून घेणे, नाव काढणे, हिशेबात धरणे.

५. भाषाभ्यास :
(अ) ‘लवण’ या शब्दावरून ‘लोणचे’ हा शब्द आला. ‘मीठ’ हा शब्द असलेले तीन वाक्प्रचार वा म्हणी शोधून लिहा.
(आ) ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ अशी जोडनावे असलेली तुमच्या जिल्ह्यातील गावे शोधा व त्यांची यादी करा.
(इ) पाठातील आज्ञार्थी व विध्यर्थी क्रियापदे निवडा. कृती सांगताना विध्यर्थ का वापरला असावा, याची वर्गात चर्चा करा.

६. उपक्रम :
(अ) काकडीचे सारखे काप दोन बशांत घ्या. एका बशीत मीठ घाला, दुसरी तशीच ठेवा. अर्ध्या तासाने दोन्ही बशांत काय दिसते, ते वहीत नोंदवा.
(आ) तुमच्या गावाजवळील नदीचा वा ओढ्याचा उगम, मार्ग व संगम दाखवणारा नकाशा काढा. तुमच्या गावच्या वर व खाली कोणती गावे आहेत, ते लिहा.
(इ) नदी स्वच्छ राखण्याविषयी तुमच्या नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या प्रमुखांस एक विनंतिपत्र लिहा.